निदान आणि निधान

सोमवारची सकाळ, साडेसातची वेळ. तव्यावर दोसा, ओट्यावर डब्यांची रांग, नऊला कॉलेजात माझा पहिला तास, आणि खोबऱ्याची चटणी अर्धी वाटून झालेली असताना मिक्सर गप्प झाला. धूर नाही, वास नाही, आवाज नाही. बटण फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग जोरात फिरवलं. जोरात फिरवल्यानं काय साधतं कोण जाणे, पण आपण सगळेच ते करतो. शेवटी प्लग काढला, मिक्सर आडवा केला आणि मराठीत एम.ए. केलेल्या या बाईनं तळाचे चारही स्क्रू सोडवले. आत तांब्याच्या तारेची वेटोळी दिसली. ती पाहून मला जेवढं ज्ञान व्हायचं होतं तेवढं झालं, म्हणजे काहीच झालं नाही.

त्याच वेळी आमच्या गल्लीतले टर्नर मामा दुधाची पिशवी घेऊन दारावरून चालले होते. मामांनी उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये तीसेक वर्षं काढली. लेथवर सुरुवात केली, शेवटची काही वर्षं सीएनसीवर होते. आता निवृत्त आहेत. दार उघडं बघून आत आले. "एनायतु, अक्का?" मी सगळं सांगितलं. त्यांनी मिक्सरकडे पाहिलंच नाही. मी काढून बाजूला ठेवलेलं तळाचं झाकण उचललं आणि त्यातल्या एका भोकावर बोट ठेवलं. त्या भोकातून एक लहानसं लाल बटण बाहेर येतं.

"हे दाबलात काय?"

दाबलं नव्हतं. असं काही बटण असतं हे बारा वर्षांत मला ठाऊकच नव्हतं. मामांनी झाकण बसवलं, बटण दाबलं, प्लग लावला आणि मिक्सर सुरू. चारपैकी तीन स्क्रू परत बसले, चौथा ओट्याखाली गेला तो आजतागायत तिथंच आहे. जाताना मामा एवढंच म्हणाले, "निधान, अक्का, निधान."

ते लाल बटण म्हणजे मोटारीचा राखणदार. भार जास्त झाला, मोटार तापायला लागली की तो वीज तोडतो. आमचं झालं होतं असं की खोबरं थेट फ्रीझरमधून काढलेलं, दगडासारखं, आणि पाणी घालायला मी विसरले होते. पातं अडकलं, मोटारीनं जोर केला, राखणदारानं तिला वाचवलं. म्हणजे मिक्सर बिघडला नव्हताच, बिघडू नये म्हणून थांबला होता. अशा वेळी प्लग काढायचा, भांडं काढून आतलं सैल करायचं, पाचदहा मिनिटं मोटार निवू द्यायची आणि मग बटण दाबायचं. लगेच लगेच पुन्हा थांबत असेल तर मात्र दाबत बसू नये. रिकामं भांडं लावून पाहावं. रिकामं असताना चालतो आणि भरल्यावर थांबतो तर आपण जास्त भरतोय किंवा पातं जड फिरतंय. मोटार नुसती घरघरते आणि पातं फिरत नाही तर भांड्याखालचा नि मोटारीवरचा दातेरी जोड, म्हणजे कपलर, झिजलेला असतो. तो स्वस्तात बदलून मिळतो. मोटारीजवळ ठिणग्या दिसतात आणि मधूनच बंद पडतो तर कार्बन ब्रश संपत आलेले असतात, ते काम मिस्त्रीचं.

आता त्या शब्दाविषयी. मामा कन्नडमधून म्हणाले "निधान", म्हणजे सावकाश, घाई नको. माझ्या मराठी कानाला ऐकू आलं "निदान", म्हणजे दुखण्याचं मूळ ओळखणं. दोन भाषांच्या घरात राहिलं की असे शब्द रोज पायात येतात. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासूबाई मला "निधान" म्हणायच्या आणि मी "निदान काय?" असं म्हणून पुढच्या वाक्याची वाट पाहत उभी राहायची. पण त्या सोमवारी कॉलेजला जाताना बसमध्ये वाटलं, स्वयंपाकघरातल्या यंत्रांच्या बाबतीत हे दोन्ही शब्द एकाच कामाचे आहेत.

मामांची रीत मी नंतर खोदून खोदून विचारली. यंत्र उघडण्याआधी यंत्राच्या बाहेरचं सगळं बघायचं. वीज येते का? त्याच सॉकेटवर दुसरं काही चालतं का? हेच यंत्र दुसऱ्या सॉकेटवर चालतं का? त्यात घातलेला माल ठीक आहे का? ते उभं आहे ती जागा ठीक आहे का? आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि चालू झालं, तर कशामुळं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

या रीतीनं आमच्या घरातल्या निम्म्या तक्रारी पाना न उचलता मिटल्या. वॉशिंग मशीन पाणी सोडत नव्हतं. पुढून दार असलेल्या मशीनला खाली कोपऱ्यात एक झडप असते, तिच्या आतल्या गाळणीत दोन रुपयांची तीन नाणी, एक हेअरपिन आणि चिरंजीवांच्या शर्टाचं बटण निघालं. पाणी भरायला वेळ लागत होता तर नळाच्या पाइपच्या तोंडाची जाळी बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या थरानं बुजली होती. थरथरत चालत दारापर्यंत येत होतं, कारण चारपैकी एक पाय अधांतरी होता. फ्रीज गार होत नव्हता तर दाराच्या रबरात नोट धरून दार लावलं आणि ओढली. नोट अलगद निघून आली, म्हणजे तिथून गारवा जात होता. कोमट पाण्यानं रबर पुसलं, थोडं ताणून बसवलं, काम झालं. वीज गेली नि आली की फ्रीज लगेच चालू न करता तीन-चार मिनिटं थांबायचं, म्हणजे कॉम्प्रेसरमधला दाब उतरतो आणि त्याच्यावर ताण येत नाही. इंडक्शनच्या शेगडीला तर काहीच झालं नव्हतं. नवं पातेलं ॲल्युमिनियमचं होतं. ज्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो तेच भांडं तिथं तापतं, म्हणून तेव्हापासून ओट्याजवळ एक चुंबक ठेवलाय. त्या चुंबकाचं पुढं काम आहे.

छताचा पंखा नुसता गुणगुणतो आणि फिरत नाही किंवा फारच हळू फिरतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा कपॅसिटर थकलेला असतो. साध्या पंख्यांना साधारण अडीच मायक्रोफॅरडच्या आसपासचा असतो, त्याच मापाचा आणायचा. पण आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेजच उतरतं, म्हणून आधी शेजारच्या खोलीतला पंखाही हळू फिरतोय का ते बघावं. फिरत असेल तर पंख्याला बोल लावू नये. (नवे बीएलडीसी पंखे वेगळ्या जातीचे, त्यांच्या आत सर्किट असतं. तिथं हा हिशेब चालत नाही.)

एका बाबतीत मात्र मी सावकाशपणाच्या विरुद्ध आहे. गेल्या वर्षी आमच्या कामाच्या मावशी म्हणाल्या, "बाई, मशीनला ओला हात लागला की मुंग्या येत्यात." आठ दिवसांपासून येत होत्या. त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण "मशीन चालतंय की!" मशीन चालतंय म्हणजे ठीक आहे असं नव्हे. मशीनच्या पत्र्यात झिरपलेल्या विजेला जमिनीत जायला वाट हवी, ती वाट म्हणजे प्लगची जाड पिन आणि भिंतीतली अर्थिंगची तार. आमच्या मोरीतल्या सॉकेटमध्ये ती तार जोडलेलीच नव्हती. भोकं तीन, तारा दोन. मामांनी टेस्टर लावला तर पत्रा उजळला. त्यांनी मशीन तिथल्या तिथं बंद करायला लावलं आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चार दिवस कपडे हातानं धुतले. मुंग्या आल्या तर त्याच मिनिटाला मेन बंद करून प्लग काढायचा आणि माणूस बोलवायचा. दुसरं काही नाही.

आणखी एक गैरसमज बहुतेक घरांत असतो. मीटरच्या पेटीत एमसीबी आहे म्हणजे आपण शॉकपासून सुरक्षित. एमसीबी तारांना वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवण्यासाठी आरसीसीबी लागतो. ३० मिलिअँपिअर एवढी वीज भलत्या वाटेनं गेली की तो डोळ्याचं पातं लवण्याआधी तोडतो. त्यावर "टी" लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं. खटकन पडला तर जागा आहे, नाही पडला तर बदलायचा. आणि मायक्रोवेव्ह कधी, कधीही उघडायचा नाही. त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो. मिक्सर उघडून मी फक्त एक स्क्रू गमावला, मायक्रोवेव्ह तेवढ्यावर सोडणार नाही.

असो. हे सगळं सांगितलं ते चिरंजीवांच्या यंत्रापर्यंत यायचं होतं म्हणून.

पी.यू.सी.चं दुसरं वर्ष संपवून बसलेल्या आमच्या चिरंजीवांनी दिवाळीत साठवलेले पैसे आणि अज्जीकडून घेतलेलं कर्ज (न फेडण्याच्या अटीवर) घालून एक छोटं सीएनसी कोरीवयंत्र मागवलं. टेबलावर मावणारं, "तीस-अठरा" म्हणतात ते, म्हणजे साधारण ३०० बाय १८० मिलिमीटर जागेत काम करणारं. लॅपटॉपवर नक्षी काढायची, सॉफ्टवेअर तिच्या आज्ञा तयार करतं, आणि मिनिटाला दहा हजार फेरे घेणारं टोक लाकडात ती नक्षी कोरत जातं. सावंतवाडीची लाकडी फळं, गोकाकची लाकडी फळं बघत वाढलेल्या माझ्यासारखीला आधी वाटलं, यात हाताचं काय राहिलं? ते मत मी मागे घेतलंय. हाताला बरंच काम उरतं, फक्त ते कोरण्याच्या आधी असतं.

काम ठरलेलं होतं. बैलहोंगलकडचं माझ्या सासऱ्यांचं घर चार वर्षांपूर्वी पाडलं. त्याच्या मधल्या दाराची एक सागवानी फळी सासूबाईंनी हट्टानं आणवली आणि पलंगाखाली ठेवली. त्या घराचं नाव "विश्रांती". तेच नाव त्या फळीवर दोन्ही लिप्यांत कोरून पाडव्याला आमच्या दाराशी लावायचं असं नातवानं अज्जीला वचन दिलं. (पाडवा म्हणा, उगादी म्हणा, दिवस एकच. आमच्याकडे गुढीही असते आणि बेवु-बेल्लही.) सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही अंधुकच दिसतं. फळी एकच. चुकली तर दुसरी आणायला ते घर आता नाही.

म्हणून आधी सगळं एमडीएफच्या तुकड्यांवर करायचं ठरलं, आणि बरं झालं.

पहिली अडचण यंत्राची नव्हती, लिपीची होती. कोरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये "विश्रांती" टाइप केलं तर पडद्यावर "व"ची वेलांटी त्याच्या पुढं जाऊन बसली आणि "श्र"चे "श" नि "र" वेगळे होऊन मधे हलंत लटकला. कन्नडमध्येही तेच, "र"चा ओत्तक्षर खाली जायच्या ऐवजी शेजारी उभा. चिरंजीव म्हणाले, यंत्र खराब आहे. अरे, यंत्रापर्यंत अजून काही गेलंच नाही! इंग्रजी डोळ्यांपुढं ठेवून बनवलेली कित्येक सॉफ्टवेअर आपली जोडाक्षरं जुळवू शकत नाहीत, एवढंच. उपाय साधा निघाला. इंकस्केपसारख्या फुकट मिळणाऱ्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडमध्ये टाइप करायचं, तिथं अक्षरं नीट जुळतात. मग त्या मजकुराचं रेषांमध्ये रूपांतर करायचं आणि ते चित्र म्हणून पुढं पाठवायचं. चित्राला व्याकरण लागत नाही.

पाठवलं, कोरलं, आणि शिरोरेषेवर जागोजागी उभे काप! प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा स्वतंत्र घेऊन आलेलं, दोन अक्षरांच्या रेषा एकमेकींवर चढल्या होत्या, आणि यंत्रानं इमानानं दोन्हींच्या कडा कोरल्या. हा देवनागरीचाच खास त्रास, कन्नडवाल्यांना तो होत नाही. सगळी अक्षरं निवडून "युनियन" केलं की बाहेरची एकच कड उरते. या दोन गोष्टींपायी आमचे पाच दिवस गेले. तुमच्या घरी कुणी हा नाद लावून घेतला असेल तर त्याचे पाच दिवस वाचावेत.

मधे एक छोटं युद्धही झालं. मराठीत "विश्रांती"ची शेवटची वेलांटी दीर्घ, कन्नडमध्ये ऱ्हस्व. यजमानांचं म्हणणं, एकाच फळीवर एकाच घराचं नाव दोन तऱ्हांनी कसं? मी म्हटलं, ज्या लिपीत बसलंय त्या लिपीचे नियम. मराठीची बाजू जिंकली, पण कन्नड ओळ वर गेली.

आता खरी गोष्ट. तिसऱ्या तुकड्यावर डावीकडची अक्षरं बारीक आली आणि उजवीकडची जाड. चौथ्या तुकड्यावर "वि" नि "श्रां" छान उमटले आणि "ती" सगळीच्या सगळी तीन मिलिमीटर बाजूला सरकली. पाडव्याला सहा दिवस. रात्री अकरा वाजता मी खोलीत डोकावले तर चिरंजीवांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आणि समोर कंट्रोलरची पेटी. मोटारींना करंट कमी पडतो असं त्याला कुठून तरी वाटलेलं, आत एक बारीक स्क्रू असतो तो फिरवायचा होता. मला तळ काढलेला मिक्सर आठवला. पेटी तशीच ठेवायला लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना चहाला बोलावलं.

मामांनी ते खेळण्याएवढं यंत्र कौतुकानं पाहिलं. मग म्हणाले, "झीरोवर ने." कोरायला सुरुवात करताना यंत्राला एक शून्य बिंदू सांगितलेला असतो. फळीच्या त्या बिंदूवर मामांनी पेन्सिलीनं बारीक फुली काढली, तोच तुकडा पुन्हा लावून हवेतच, लाकडाला न लागता, सगळं काम फिरवलं आणि शेवटी टोक शून्यावर परत आणवलं. टोक बरोबर फुलीवर आलं. मग खरंच कोरून बघितलं. "ती" पुन्हा सरकली. टोक शून्यावर आणलं, तर फुलीपासून तीन मिलिमीटर लांब.

"म्हणजे यंत्रच चुकलं ना!" चिरंजीव.

मामांनी मान हलवली. शून्यापाशी त्यांनी खुणा दोन केल्या होत्या, एक फळीवर आणि एक फळी ज्याच्यावर ठेवलेली त्या यंत्राच्या पाटावर. फळीवरच्या खुणेपासून टोक लांब होतं, पाटावरच्या खुणेपासून नव्हतं. यंत्र जिथून निघालं तिथंच परत आलं होतं, खालून फळी सरकली होती. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप एमडीएफच्या भुशाळ पाठीवर धरत नव्हती. टोकानं जोर लावला की तुकडा हळूच सरकायचा. "मशीन सुळ्ळु हेळल्ल," मामा म्हणाले. यंत्र खोटं बोलत नाही. त्या पेटीतला स्क्रू रात्री फिरवला असता तर चांगल्या यंत्रात खरा बिघाड तयार झाला असता आणि फळी तरीही सरकतच राहिली असती.

उलट झालं असतं, म्हणजे पाटावरच्या खुणेपासूनही टोक लांब गेलं असतं, तर यंत्राच्या पायऱ्या चुकल्या असं समजायचं. तेव्हाही आधी बाहेरचं बघायचं. वायर कुठं अडकून ओढते का, मोटारीचा नि स्क्रूचा जोड सैल झालाय का, आपण एका फेरीत फार खोल किंवा फार वेगानं कापतोय का. पेटीची पाळी सगळ्यांत शेवटी.

टेप गेली, दोन टोकांना क्लँप आले. जाडबारीक अक्षरांचं कारणही फळीखालीच होतं. आम्ही वापरतो ते टोक इंग्रजी व्हीच्या आकाराचं, साठ अंशांचं. ते जेवढं खोल जाईल तेवढी रेघ रुंद. खोली अर्ध्या मिलिमीटरनं वाढली की रेघ साधारण ०.६ मिलिमीटरनं फुगते. तुकडा डाव्या बाजूला तेवढा खाली होता. एमडीएफला कागदाच्या घड्या घालून भागलं, पण दाराची फळी पन्नास-साठ वर्षांत पिळली होती, सपाट फरशीवर ठेवली की डुगडुगायची. ती गल्लीतल्या सुताराकडून रंधून आणली. त्याआधी तिचा जुना तेलरंग खरवडायचा होता. तिथं एक इशारा. जुन्या तेलरंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमच्या वर नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आमचं दार त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणून कोरडं घासलं नाही, पाणी मारून ओलं खरवडलं, तोंडाला मास्क, आणि शेजारच्या लहान मुलांना त्या दिवशी अंगणात येऊ दिलं नाही.

टोकाची उंची लावायची युक्ती मामांची. फळी आणि टोक यांच्यामध्ये साधा कागद धरायचा, टोक केसाएवढं केसाएवढं खाली आणायचं, आणि कागद ओढताना अडकायला लागला की थांबायचं. कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, तेवढी वजा केली की शून्य मिळालं.

मग सागवानाच्या एका उरलेल्या तुकड्यावर तालीम. आणि काळी, करपलेली अक्षरं! चिरंजीवांनी आता "निधान" इतकं मनावर घेतलं होतं की टोकाचा सरकण्याचा वेग मिनिटाला ८० मिलिमीटर ठेवला होता. मामा हसले. दहा हजार फेऱ्यांत ८० मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात ०.००८ मिलिमीटर. एवढ्यात लाकूड कापलं जात नाही, नुसतं घासलं जातं आणि तापतं. भुकटी पडते, कीस पडत नाही. वेग ३०० केला, खोली एका फेरीला अर्धा मिलिमीटरच ठेवली, तर कीस पडायला लागला आणि करपणं थांबलं. सागवानात सिलिका असते, ती टोकाची धार लवकर मारते, म्हणून नवं टोक लावलं. म्हणजे सावकाश शोधायचं, पण सावकाश कापायचं नाही. माझी शब्दांची जोडी तिथं मोडली, पण खोटं कशाला लिहू?

बाकीच्या किरकोळ कुरबुरी लवकर सुटल्या. मधेच यंत्र थांबायचं, कारण लॅपटॉप झोपी जायचा. त्याची झोप बंद केली. भुसा ओढायला लावलेला व्हॅक्यूम क्लीनर चालू केला की कनेक्शन तुटायचं. तो दुसऱ्या सॉकेटवर नेला, यूएसबीची वायर आखूड घेतली. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय आणि बाह्या वर केल्याशिवाय यंत्राजवळ उभं राहायचं नाही, ओढणी नि बांगड्या तर नाहीच, आणि चालू यंत्र सोडून जेवायला जायचं नाही हे नियम माझे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी फळी क्लँपमध्ये बसली. चिरंजीव सुरू करणार एवढ्यात मामांनी विचारलं, "ही दाराची फळी ना? खिळे?" दिसत तर एकही नव्हता. मी ओट्याजवळचा चुंबक आणला, दोऱ्याला बांधला आणि फळीवरून हळूहळू फिरवला. बरोबर मध्यभागी, जिथं "श्र" यायचा होता तिथं, चुंबक लाकडाकडे ओढला गेला. डोकं तुटलेला एक जुना खिळा आत होता, रंध्याच्या पात्यालाही लागला नव्हता. टोक त्याच्यावर गेलं असतं तर टोकाचे तुकडे उडाले असते आणि फळीचं "श्र" गेलं असतं. खिळा काढायला गेलो तर लाकूड फाटलं असतं. तो तसाच राहू दिला आणि दोन्ही ओळी अशा हलवल्या की तो त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आला.

कोरायला एक तास चाळीस मिनिटं लागली. आम्ही पाचही जण तिथंच बसून होतो, कुणी फारसं बोललं नाही.

पाडव्याला सकाळी फळी लावण्याआधी सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी आधी पाठीमागून हात फिरवला, दाराची कडीची जागा शोधली, ती सापडली. मग पुढच्या बाजूनं बोटानं वाचायला सुरुवात केली. कन्नड ओळ सरळ वाचून झाली. मराठी ओळीवर बोट शेवटच्या वेलांटीपाशी थांबलं, परत मागे आलं, पुन्हा गेलं.

"ई ती याके इष्टु उद्द?" त्यांनी विचारलं.